चारशे सतरा रिजेक्शन

साजगावच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात क्वालिटीचे नरेशसाहेब एरर मोजायचे. एरर म्हणजे काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. वीस वर्षं ओतकामात काढल्यावर माणसाला मोजण्यापुरतं सगळं कळतं. तिथला नियम असा, की फुटका तुकडा ज्याच्या टेबलावर सापडेल, रिजेक्शन त्याच्या नावावर. फोडला कोणी, ही झाली चौकशी, आणि चौकशीला वेळ कोणाला? वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभाग निघाला तेव्हा साहेबांनी तो नियम रिजेक्शनच्या फळ्यासकट वर नेला.

वर दोन ट्रेनी होते, प्रबुद्ध आणि समीक्षा. कायम करायची जागा एक. शुक्रवारी पाचला शेवटचा लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेली कामाची नोंद, साहेबांकडे जाणार, ज्याचे एरर कमी तो कायम. बरोबरी झाली तर आधी लागलेला, म्हणजे समीक्षा. इकडे प्रबुद्धची आई मोहोपाड्याच्या मावशीला ‘पोरगा पर्मनंट झाला’ असं सांगूनही आली होती.

काट्यातली चिप इतकी दुबळी, की तिचा प्रोग्रॅम ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवरच बनवावा लागायचा. त्यासाठी आधी क्रॉस-कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणारा दुभाषा, घडवायचा. समीक्षाने अर्धा कंपायलर करायचा, त्यावर प्रबुद्धने सिस्टीम लायब्ररी, म्हणजे नेहमी लागणाऱ्या तयार प्रोग्रॅमांचा संच, चढवायची, मग लायब्ररीच्या आधाराने समीक्षाने उरलेला कंपायलर पुरा करायचा.

बुधवारी लायब्ररी चौथ्या मिनिटाला अडली. लिमिट्स नावाची हेडर फाईल, म्हणजे ठरलेल्या आकड्यांची यादी, सापडेना. प्रबुद्धने शोधलं. कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, सगळ्या हेडर फाईली समीक्षाने ठेवायच्या होत्या. तिने ठेवल्याही होत्या, फक्त शेजारच्या फोल्डरमध्ये. एका ओळीची कमांड दिली असती तर सगळ्या जागेवर आल्या असत्या, दोघांचे एरर शून्य झाले असते, आणि समीक्षा कायम झाली असती.

बाकीच्या फाईली त्याने नीट जागेवर आणल्या. लिमिट्सच्या जागी मात्र त्याच नावाची एक कोरी फाईल ठेवली. लायब्ररी सुरळीत पार पडली. फाईल आहे ना, एवढ्यावर तिचं समाधान झालं. आत काय आहे हे बघायची तिला सवय नव्हती. या बाबतीत ती नरेशसाहेबांवर गेली होती.

गुरुवारी उरलेला कंपायलर चढवताना समीक्षाच्या स्क्रीनवर लाल ओळी सुरू झाल्या. फाईलीचा पत्ता जास्तीत जास्त किती लांब चालेल, हे सांगणारा आकडा त्या कोऱ्या फाईलीत असायला हवा होता. तो नव्हता, म्हणून एकामागून एक चारशे सतरा एरर.

“प्रबुद्ध, तुज्याकडं हेडर सापडल्या ना रं?”

“लगेच सापडल्या गं.”

“मग माजंच काय तरी चुकतंय.”

“बग ना परत पयल्यापासून,” तो म्हणाला. पहिल्यापासून म्हणजे सहा तास. तिने दोनदा केलं. दोन्ही वेळा त्याने तिला चहा आणून दिला.

शुक्रवारी साहेबांनी ओळी बोटाने मोजल्या. तीनशेच्या आसपास चुकले, म्हणून परत मोजल्या. मग फळ्यावर आकडा लिहून म्हणाले, “ओतकामात एका पाळीत इतके तुकडे कोणी फोडले नव्हते, पोरी.” त्यांच्या आवाजात थोडा आदरही होता.

शनिवारी प्रबुद्ध कायम झाला. समीक्षाने ओळखपत्र जमा केलं आणि वही घेऊन त्याच्या टेबलाशी आली.

“सोमवारी खोपोलीला इंटरव्ह्यू हाय. हेच काम. तुजी लायब्ररी कशी पार झाली तेवडं सांग ना.”

खरं ते सांगायला शेजारचं फोल्डर उघडून दाखवावं लागलं असतं. त्याने कोरी फाईल उघडून दाखवली.

“आत कायच नाय?”

“कायच नाय. नाव तेवडं बरोबर पायजे.”

“नेहमी असंच करायचं?”

“नेहमी.”

तिने त्याच्या टेबलावरचं पेन घेऊन ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. “तू लय चांगला हायेस रं. कोण सांगतं असं?”

ती पेन परत करू लागली. “राहू दे गं,” प्रबुद्ध म्हणाला. पेन कंपनीचं होतं.