एक्केचाळीस कुप्यांचा स्टँड

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. धुळ्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर असतो. शिंदखेड्याच्या एका सुताराने उरलेल्या सागातून मला केलं आणि परीक्षानळ्यांसाठी अठ्ठेचाळीस भोकं पाडली. त्यातली काही वाकडी आहेत.

मित्रांनो, या कपाटात समुद्र पाहिलेला मी एकटाच. प्राणिशास्त्र शिकवणारे बोरसे सर मला गोणपाटात गुंडाळून एसटीने गुजरातच्या किनाऱ्यावर नेत. १९९० पासून तीन उन्हाळे मी गेलो. तिथे उथळ पाण्यात समुद्रगवत वाढतं आणि ते खायला हिरवी समुद्री कासवं येतात. एखादं कासव कोळ्यांच्या जाळ्यात अडकलं की सर त्याच्या पुढच्या पायाच्या कडेची नखाएवढी कातडी घेत, स्पिरिटच्या कुपीत टाकत आणि कासवाला सोडून देत. कुपीवर नंबर घालून ती माझ्यात उभी करत.

"एवढ्याशा चामडीचं काय करता, मास्तर?" एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं होतं.

सर म्हणाले, "बाबा, ही चरायला इथे एकत्र येतात, पण अंडी घालायला आपापल्या जन्माच्या किनाऱ्याकडे जातात. इथे ही मेली, तर लांबचा कुठला तरी किनारा ओस पडेल. तो कुठला, हे या कातडीवरून कळतं. कळलं तर तो राखता येईल."

पहिल्या उन्हाळ्यात बावीस कुप्या भरल्या, दुसऱ्यात तेरा, तिसऱ्यात फक्त सहा. त्यानंतर सरांची किडनी बिघडली. पुन्हा जाणं होणार नव्हतं. जे काही कळायचं ते आता या एक्केचाळीस कुप्यांतूनच कळणार होतं. दूरच्या एका प्रयोगशाळेने नमुने तपासायचं कबूल केलं होतं.

सर दवाखान्यात गेले तेव्हा कपाटाची किल्ली झुलालभाऊंकडे आली. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतले शिपाई. त्यांनी बेडकाची एकही बरणी कधी कोरडी पडू दिली नव्हती. पण धुळ्याच्या उन्हाळ्यात बुचातूनही स्पिरिट उडतं. कुप्यांतली पातळी उतरू लागली.

"काय झुलाल, स्पिरिट कमी व्हई गयं! तूच पी गया ना?" ऑफिसातला रुपचंद सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले.

"माळकरी शे मी," झुलालभाऊ एवढंच बोलले. त्यांचा चेहरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मॅलिनचा कॅन काढला. बेडूक, साप, विंचू सगळे त्यातच तर टिकतात. ड्रॉपरने एकेक थेंब टाकत त्यांनी एक्केचाळीस कुप्या काठोकाठ भरल्या. त्याच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात हलला नाही. त्या हातांचा मला अभिमान वाटला. मित्रांनो, मला तरी काय ठाऊक होतं?

चार महिन्यांनी सर आले. प्रत्येक कुपीतला अर्धा तुकडा त्यांनी त्या दूरच्या प्रयोगशाळेला पाठवून दिला. दिवाळीनंतर पत्र आलं: एकाही नमुन्यातून काही वाचता येत नाही, नमुन्यांना फॉर्मॅलिन लागलेलं आहे. फॉर्मॅलिनमध्ये कातडीचा आकार टिकतो, आतली वंशाची खूण मात्र वाचण्याजोगी राहत नाही.

सर पत्र खिशात घालून कपाटापाशी आले.

"झुलालभाऊ, कुप्यांत काय घातलंत?"

"सर, एक थेंब बी कमी व्हऊ दिना नही. फॉर्मॅलिन टाकीसन बठ्ठ्या भरी ठेव्यात!"

सरांनी पत्र खिशातच राहू दिलं. मग म्हणाले, "बरं केलंत, भाऊ."

झुलालभाऊ चहा आणायला गेले, तेव्हा सरांनी माझ्यावर हात ठेवला. हात गार होता. फेब्रुवारीत सर गेले.

याला पाच वर्षं झाली. नवे सर मला अडगळ म्हणतात. झुलालभाऊ मला हलवू देत नाहीत. दर महिन्याला कुप्या भरतात, पुसतात आणि नव्या मुलांना सांगतात, "बोरसे सरांचं काम आहे, मी टिकवलंय."

मित्रांनो, एखादी वस्तू सांभाळायला घ्याल, तेव्हा तिला काय लागतं ते आधी विचारा. ज्याला ते ठाऊक आहे, तो माणूस असेपर्यंत विचारून घ्या. सरांचा दवाखाना कॉलेजपासून दहा मिनिटांच्या चालीवर होता. झुलालभाऊ दोनदा गेले, केळी घेऊन. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून कुप्यांचं काही बोलले नाहीत.