काळ्या बुटांच्या ब्रशाची कबुली

मित्रांनो, माणसाची योग्यता त्याच्या बुटांवरून कळते, आणि बुटांची योग्यता सर्वस्वी माझ्या हातात आहे. हातात म्हणजे, मला हात नाहीत. मी एक जुना ब्रश आहे. काळ्या बुटांचा.

माझ्या लाकडी पाठीला घोड्याच्या शेपटीचे केस आहेत. आमच्यातला प्रत्येक ब्रश आपला घोडा शर्यतीचा होता असं सांगतो. मीही बरीच वर्षं सांगितलं. खरं म्हणजे माझ्यात निदान चार घोडे असावेत, आणि चौघेही गाडी ओढत असावेत. पण त्याने काही बिघडत नाही. शेपटीने माशा हाकलायच्या असोत की बुटावरची धूळ, केस राठ नकोत आणि लेचेपेचेही नकोत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बायका बसलेल्या असत. माझ्या वाट्याला आलेली बाई केसांची जुडी दुमडायची, तिच्यातून तार ओवायची आणि लाकडाच्या भोकात खस्सकन ओढून बसवायची. हे करताना ती शेजारणीला आपल्या जावेबद्दल सांगत होती. जावेने काय केलं ते मला नीट कळलं नाही, पण माझी अर्धी भोकं त्या रागात भरली गेली. म्हणून आजवर माझे केस फारसे गळले नाहीत. त्या जावेचे माझ्यावर उपकार आहेत.

मास्तरांनी मला निवडलं तो दिवस मी विसरणार नाही. मास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले नव्हेत. एका हॉटेलात पाहुण्यांचे बूट पॉलिश करणाऱ्या माणसाला सगळे आदराने मास्तर म्हणत. दुकानदाराने आधी त्यांच्यापुढे नायलॉनचा एक चकचकीत ब्रश ठेवला.

"धुवायला सोपा, टिकायला दणकट. आणि दिसायला तर बघा!"

"दिसायला कशाला? मला तो भिंतीवर टांगायचाय का?" मास्तर म्हणाले.

त्यांनी तो ब्रश गालावरून फिरवला आणि काटा टोचल्यासारखं तोंड केलं. मग मला उचललं. गालावरून फिरवलं. अंगठ्याने केस वाकवून सोडले आणि ते ताठ उभे राहतात का ते पाहिलं. मग दोघांचाही एकेक केस उपटून काडीने पेटवला. नायलॉनचा वितळून गोळी झाला. माझ्या केसाची राख झाली आणि न्हाव्याच्या दुकानाला आग लागल्यासारखा वास सुटला.

"अहो, दुकान पेटवाल माझं!"

"खरा आहे," मास्तर म्हणाले. कुणी मला पहिल्यांदाच खरा म्हटलं होतं.

त्यांनी माझ्यासोबत माझ्याच मापाचा, माझ्याच लाकडाचा भाऊही घेतला. मी काळ्या बुटांसाठी, तो तपकिरी आणि बदामी बुटांसाठी. चिखल काढायला डुकराच्या राठ केसांचा एक छोटा ब्रश होताच, आणि शेवटचा हात फिरवायला बकरीच्या केसांचा एक मऊ, जरा शिष्ट ब्रश. प्रत्येकाचं काम ठरलेलं. आमच्या धंद्यात एकच पाप आहे, काळ्याचा ब्रश बदामी बुटाला लावणं. केस रंग पितात, आणि कितीही धुवा, पुरता परत करत नाहीत.

हॉटेलच्या तळघरात आमची खोली होती. मधे एक फळ्यांची भिंत, पलीकडे इस्त्रीवाल्या मावशी. संध्याकाळी पाहुणे बूट दाराबाहेर ठेवत. सकाळी सहाला मास्तर ते गोळा करत, तळव्यावर खडूने खोलीचा नंबर घालत आणि खाली आणत. मग डावा हात बुटात, उजव्या हातात मी. मित्रांनो, तो हात काय सांगू! माझ्या केसांची नुसती टोकं चामड्याला लागत. भरभर, हलकी, एका लयीत. त्या उबेने मेण पसरे आणि खालून चमक वर येई. "दाबतो तो घासतो," मास्तर म्हणत, "पॉलिश करत नाही." एकदा एका पाहुण्याला आपले बूट ओळखूच आले नाहीत. दुसऱ्याचे समजून त्याने ते परत दाराबाहेर ठेवले आणि दिवसभर मोज्यांवर बसून राहिला.

महिन्यातून एकदा मास्तर मला आंघोळीसाठी घरी नेत. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, भिजवायचे फक्त केस. लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही. मग केस खाली करून सावलीत ठेवायचं. मास्तरांची बायको दारातून बघे.

"एवढं कोमट पाणी मला कधी दिलंत?"

"तुझे केस कुठे रंग पितात?" मास्तर म्हणत. मग त्या दिवशी जेवण जरा उशिरा मिळे.

अशी एकोणतीस वर्षं गेली. मग मास्तरांना दिसेनासं होऊ लागलं.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पण हातातल्या वस्तूपासून काय लपणार? चष्मा पुसून पुसून ते बूट नाकापाशी नेऊन बघू लागले. पॉलिशच्या डब्या झाकणावरच्या पोचांवरून ओळखू लागले. काळा आणि बदामी त्यांना सारखाच धुरकट दिसे. एक दिवस त्यांनी चाकू घेतला आणि माझ्या पाठीवर एक खाच पाडली. खाच लागली तर मी, नाही लागली तर भाऊ. मला दुखलं नाही. पण खाच पाडण्याआधी मास्तरांनी दार लावून घेतलं होतं.

भीती उगाच नव्हती. आदल्याच वर्षी लिफ्टमनला ऐकू येईना, तर मॅनेजरने त्याला हार घालून घरी पाठवलं होतं. त्यानंतर तो रोज सकाळी येऊन हॉटेलसमोरच्या बाकावर बसायचा आणि लिफ्ट वर गेली की मान वर करायचा. मास्तरांना त्या बाकावर दुसरा माणूस व्हायचं नव्हतं.

दोन वर्षं खाचेवर निभावली. मग हॉटेलचा दर्जा ठरवणारे एक साहेब मुक्कामाला येणार असं ठरलं, आणि मॅनेजरने फर्मान काढलं, "जे जे लाकडाचं आहे, ते ते चमकलं पाहिजे." पेंटर दारं करत, कठडे करत खाली आला. मास्तर घरी गेले होते. त्या भल्या माणसाने आम्हालाही सोडलं नाही. माझी खाच त्याने लांबीचा लगदा भरून बुजवली, वर दोन हात व्हार्निश चढवलं, आणि दोघा भावांना शेजारी मांडून समाधानाने म्हणाला, "जुळे दिसतात!"

दुसऱ्या दिवशी अठरा नंबरच्या दाराबाहेर साहेबांचे बूट आले. बदामी. मास्तरांनी पोचांवरून डबी बरोबर ओळखली, फडक्याने पॉलिश लावलं. मग ब्रशांकडे हात नेला. माझी पाठ चाचपली. भावाची चाचपली. पुन्हा माझी. वास घेऊन बघितला, तर व्हार्निशपुढे दुसरा वासच लागेना. घड्याळात पावणेसात झाले होते आणि साहेबांनी साताला बूट मागितले होते.

त्यांनी मला उचललं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला तोंड नाही. मी चांगलं काम केलं. आयुष्यात इतकं मन लावून चुकीचं काम मी कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात इस्त्रीवाल्या मावशी कोळसा मागायला आत आल्या.

"अगंबाई! मास्तर, बुटाला काजळ घातलंत की काय?"

मास्तरांचा हात थांबला. "कुठे?"

"कुठे काय विचारता? अख्खा चवडा काळा झालाय!"

मास्तरांनी बूट नाकापाशी नेला. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बुटाकडे, आणि आवाज एकदम खाली आणला. "कधीपासून दिसत नाहीये?"

"दोन वर्षं."

"आणि मी समजत होते, मला बघून ओळख देत नाही म्हणजे शिष्ट झालात."

काळा डाग आता निघणार नव्हता. मास्तरांनी बोटांनी चवडा चाचपला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही नुसतं सांगा. काळं कुठवर आहे?"

मग जे झालं ते मी अभिमानाने सांगतो. मावशी सांगत होत्या, "शिवणीपर्यंत. आता जरा फिकं करत न्या. बस्स, बस्स! पुढे नको. आता टाच." मास्तरांचा हात तसा फिरत होता. माझ्याने गडद, भावाने फिकं, कडेला बकरीच्या केसांनी दोन्ही मिसळलेलं. मग दुसरा बूट, अगदी तसाच. चवड्याशी आणि टाचेशी गडद, मधे बदामी. साताला पाच मिनिटं असताना मावशी म्हणाल्या, "मास्तर, हे तर आधीपेक्षा झकास दिसतंय हो."

साहेब बूट घालून खाली आले तेच बुटांकडे बघत. मॅनेजर शेजारी हात चोळत उभा. मास्तरांना बोलावलं. मास्तर मला खिशात घालून गेले.

"हे असं गडद-फिकं काम मी कुठेच पाहिलं नाही. मुद्दाम करता?"

हो म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. मॅनेजर तर डोळ्यांनी खुणावत होता. पण मास्तरांना खूण दिसलीच नाही, आणि दिसली असती तरी ते खोटं बोलले असते असं मला वाटत नाही.

"नाही साहेब. चुकलं. काळ्याचा ब्रश लागला, मग सावरून घेतलं. मला दिसत नाही."

साहेबांनी पुन्हा बुटांकडे पाहिलं. "न दिसता हे?"

"अहो, डोळ्यांवर चष्मा आहे ना तुमच्या?" मॅनेजर कसाबसा म्हणाला.

"आहे. पण त्यातूनही नाही दिसत."

मॅनेजरने आधी साहेबांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "डॉक्टरांना दाखवा. ते काय म्हणतात त्यावर ठरवू." म्हणजे काय ठरणार, ते सगळ्यांना कळलं. बाहेर बाकावर लिफ्टमन बसलेलाच होता.

मावशी इस्त्री तशीच सोडून सोबत निघाल्या. वाटेत मास्तर एकदाच बोलले, "बायकोला मी सांगेन. तुम्ही नका सांगू." मी खिशात होतो. त्यांची बोटं माझ्या केसांत होती आणि पाठीवर खाच शोधत होती.

दवाखाना येईपर्यंत, मित्रांनो, तुम्हाला एक विनंती. ब्रश घेताना गालाला लावून बघा. काळ्याचा काळ्याला, तपकिरीचा तपकिरीला ठेवा. महिन्याला आंघोळ घाला, केस खाली करून वाळवा. आणि ज्याच्या हाताने तुमचे बूट चमकतात, त्याला कधीतरी विचारा, बरं चाललंय ना?

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचा चष्मा काढला, उजेडात धरला आणि नाकाशी नेला.

"याला पॉलिशचा वास का येतो?"

"ब्रशातून उडतं थोडं," मास्तर म्हणाले. "पण मी रोज पुसतो."

"कशाने?"

मास्तरांनी खिशातून पॉलिशचं फडकं काढून दाखवलं.

बाईंनी चष्मा नळाखाली साबणाने धुतला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. मास्तरांनी समोरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. चष्म्याचा नंबर बदललेला नव्हता.