भिशीची पाळी आणि सुपातला भात

भिशीची पाळी जवळ आली की बाईची झोप उडते. पैसे राहतात बाजूला, पाहुणचार काय करायचा हीच काळजी! दूर पूर्वेकडच्या एका बेटावर, क्लातेनजवळच्या एका गावात तर प्रत्येकीला खोक्यातून फराळ द्यायची रीतच पडली होती. एकीने तीन पदार्थ घातले की दुसरी चार घालणार, तिसरी वर नक्षीचा रुमाल ठेवणार. खाणाऱ्या त्याच, गाव तेच, तोरा मात्र दर महिन्याला नवा!

या रविवारी लस्त्रीची पाळी होती. तिचा नवरा वर्दोयो फर्निचरच्या कारखान्यात जायचा, पण तिथलं काम निम्म्यावर आलेलं. घर चालत होतं ते लस्त्रीच्या पायमशीनवर, शाळेचे गणवेश शिवून. आणि फराळाची खोकी मागवण्यासाठी नेमकं तेच मशीन विकायला तिने गिऱ्हाईक ठरवलं होतं!

तिची सासू इबू सुमार्नी अंगणात सुपावर उरलेला भात वाळत घालत होती. तिकडे आईला आणि मानाच्या बाईला इबू किंवा नुसतं बू म्हणतात.

“इबू, ते आत घ्या ना! लोक म्हणतील, यांच्यावर कराक खायची वेळ आली.”

वाळवलेल्या भाताला तिकडे कराक म्हणतात, आणि कराक खाणारं घर म्हणजे बुडालेलं घर, अशी सगळ्यांची समजूत.

“म्हणू देत. त्यांच्या म्हणण्याने आपली चूल पेटते का?” सासूने भात बोटांनी मोकळा केला. “आणि मशीन विकून खोकी मागवतेस म्हणे?”

“मग काय करू? गेल्या महिन्यात बू विजींनी केक दिला. मी काय नुसत्या चहावर बोळवण करू?”

“अगं, त्या घटकाभर खातील आणि ओठ पुसून जातील. सोमवारी गणवेश काय नखांनी शिवशील?”

“तुम्हाला काय, इबू! बायकांत तोंड मला दाखवायचं असतं.”

“तोंड तुझं, मशीनही तुझं. मी हात धरणार नाही, बाई. पण घरखर्चाला भोक तेला-मिठाने पडत नाही. ‘लोक काय म्हणतील’ याने पडतं!”

लस्त्री मनातल्या मनात चडफडली.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको दोघं. त्याने मशीनचं पायडल हलवून पाहिलं आणि नाक मुरडलं, “पट्टा जुना आहे, किंमत कमी करा.” बायकोने खण उघडला. दोऱ्याच्या रिळांसोबत एका शाळकरी पोरीची अर्धी शिवलेली कॉलर बाहेर आली. ती कॉलर बाजूला टाकत बाई म्हणाली, “रिळं यातच आली ना?”

लस्त्रीने कॉलर उचलली. उद्या ती द्यायची होती. कशावर शिवणार?

“नाही!” ती एकदम म्हणाली. “मला मशीन विकायचंच नाही!”

गिऱ्हाईक बडबडत गेलं आणि लस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. “इबू, आता दुपारी काय देऊ?”

“पदर खोच आणि कढई ठेव!”

दोघींनी वाळलेला भात तळला. फुलून तो दुप्पट झाला. वर ताडगूळ आणि खवलेलं खोबरं घातलं. परसातले कसाव्याचे कंद उकडले, चहा केला.

बायका जमल्या. ताटल्या पुढे आल्या आणि सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. बू विजींनी दोन बोटांत दाणे उचलले. “हे काय गं?”

‘शहरातून मागवलं’ हे शब्द लस्त्रीच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. “घरचा उरलेला भात आहे. वाळवून तळलाय.”

“कराक? आम्ही काय कोंबड्या आहोत?”

“कोंबडी असतीस तर एखादं अंडं तरी दिलं असतंस!” आतून सासूचा आवाज आला. बायका खदखदून हसल्या. बू विजींनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनी दाणे तोंडात टाकले, आणि मग ताटलीच जवळ ओढली.

हसत नव्हती ती एकटी बू पार्ती. पुढची पाळी तिची. तिने लस्त्रीचा हात धरला. तिचे डोळे भरले होते.

“तुझे फार उपकार झाले, लस्त्री! खोक्यांसाठी मी गाभण शेळी विकायला काढली होती. आता नाही विकत. मीही असंच करीन, चालेल ना गं?”

कोण नाही म्हणणार? बू विजीच सगळ्यांत आधी म्हणाल्या, “केकचा थाट मीच सुरू केला. आजपासून खोकी बंद! घरात असेल तेच ताटलीत.”

लस्त्री सुन्न झाली. आज तिने खोकी मांडली असती, तर पार्तीची शेळी तिनेच विकायला लावली असती! ती स्वयंपाकघरात गेली आणि सासूच्या पायाशी बसली.

“इबू, तुम्ही बोललात म्हणून वाचले. मी मात्र तुमच्यावर चिडले.”

“चिडलीस तरी ऐकलंस ना, पोरी? पुष्कळ झालं.” सासूने तिच्या केसांवरून हात फिरवला.

बायांनो आणि बाप्यांनो, काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. आपल्या दारात मांडलेला थाट शेजारणीच्या गळ्याचा फास होतो, आणि आपण साधेपणाने वागलो की तिलाही मोकळा श्वास घेता येतो. जी बाई सगळ्यांत आधी साधं ताट पुढे करील, तिचे आभार माना. आणि जमलं तर ती बाई तुम्हीच व्हा!