नाईकांचं नाक

मार्चमधल्या तापाने शशिकांत नाईकांना पंधरवडाभर अंथरुणात लोळवलं आणि मग सोडून दिलं. भूक परत आली, अंगात ताकद आली, झोपही लागू लागली. काहीतरी राहून गेलंय हे त्यांच्या लक्षात आलं ते एका रविवारी सकाळी. ते स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून पेपर वाचत होते. बायको हंसा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ती एकदम धावत आत आली, गॅस बंद केला आणि काळं पडलेलं दुधाचं पातेलं सांडशीने उचलून मोरीत ठेवलं.

"अहो, दोन हातांवर तर बसलाय तुम्ही. सगळ्या जिन्यात वास गेला असेल."

बातमीत डोकं होतं, असं काहीतरी ते पुटपुटले. ती पुन्हा गॅलरीत गेल्यावर त्यांनी मोरीत वाकून पातेल्यात नाक घातलं. काही नाही. मांडणीवरचा हिंगाचा डबा उघडून अगदी नाकाशी धरला. तिथेही काही नाही. शेवटी घासलेटच्या कॅनचं बूच काढलं, आणि तो नुसता पाण्याचा कॅन असावा तसा वाटला.

दुसऱ्या कुणाचं यात फारसं अडलं नसतं. नाईकांचं पोट नाकावर चालत होतं.

मुंबईतल्या एका मोठ्या बिअर कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी वीस वर्षं काढली होती. तिथे हजार बाटल्या हुबेहूब एकसारख्या निघाल्या पाहिजेत, एवढंच काम. कंपनीचं बस्तान दुसऱ्या राज्यात हललं तेव्हा ते गेले नाहीत. मीरा रोडला शांती नगरमध्ये घर नुकतंच घेतलेलं, मुलगी संपदा तेव्हा कॉलेजात; आता ती नोकरीसाठी बाहेरगावी. त्याच सुमाराला त्यांना रामनाथ पाटील भेटले. काशीगावचे जुने जमीनदार, वडिलांची मिठागरं होती. बिल्डरांना जमिनी देऊन गावातले लोक गाड्या आणि बंगले घेत होते, तेव्हा या माणसाच्या डोक्यात बिअर शिरली. कुठल्याशा लग्नात कुणीतरी परदेशातून आणलेली एक काळी बिअर त्यांनी चाखली होती, आणि असलं काहीतरी आपल्या गावात आपल्या नावाने व्हावं, असं त्यांनी घेतलं मनावर. परवान्यासाठी तीन वर्षं खेटे घातले. मग हायवेपासून आत, भातशेतीच्या कडेला एक शेड उभी राहिली. बाटलीवर मिठाच्या ढिगाचं चित्र आणि नाव 'आगर'. एक पिवळी बिअर आणि एक काळी. काळी पूर्णपणे नाईकांची. छोट्या ड्रममध्ये ते स्वतः माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भाजत, रंग बघत, वास घेत, आणि हात वर करून ड्रम थांबवायला सांगत. कंपनीत वीस वर्षांत जे करता आलं नाही, ते त्यांना इथे सापडलं होतं. हायवेवरची काही हॉटेलं आणि भाईंदर-वसईकडची थोडी परमिट रूम्स, एवढंच गिऱ्हाईक. पण जे होतं ते मागून घेणारं होतं.

दर शुक्रवारी दुपारी शेडच्या माडीवर चव घ्यायचं काम चाले. नाईक ग्लास फिरवून वास घेत, घोट घेत, डोळे मिटत. रामनाथशेठ त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. त्यांना स्वतःला सगळ्या बिअर 'बरी हाय' एवढीच लागे, आणि तसं ते मोकळेपणाने सांगत.

तापानंतरच्या शुक्रवारी नाईकांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. जिभेला कडू कळत होतं, थोडं गोड कळत होतं. त्यापलीकडे भिंत. "छान आहे," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तापाने नस दुखावलीय. काही महिन्यांत येईल, किंवा येणारही नाही. नाईकांनी पहिलं अर्धंच ऐकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. उद्या येईल, परवा येईल, असं करत दोन महिने गेले. मग एका हॉटेलने माल परत पाठवला. गिऱ्हाईकं म्हणतात, जुन्या लोण्याचा वास येतो. नाईकांनी ती बॅच स्वतः पास केली होती. रामनाथशेठनी दोष दिला तो कूलिंग मशीनला. शिव्या माणसाला पचवता येतात, असा विश्वास पचत नाही. नाईक त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा पिशवीत बाटली होती.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण घरात बाटली कधी आली नव्हती. हंसाने नवऱ्याच्या धंद्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. फक्त कामावरून आल्यावर आधी आंघोळ, मग बोलणं, ही तिची रीत होती. नाईकांना वाटे, सोवळ्याचा प्रकार असेल. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन महिने माझ्या आमटीला तुम्ही नुसतंच छान म्हणताय."

"सवयीने म्हणत होतो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तू एकदा वास घेऊन सांगशील का. प्यायचं नाही, नुसता वास.

हंसाने हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. मग तिने जे सांगितलं ते नाईकांना सव्वीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, लवकर गेले, एवढंच त्यांना माहीत होतं. वडील हातभट्टीची दारू पीत. हंसा थोरली. वडील जिना चढू लागले की ती दारात उभी राहायची. वरच्या पायरीवर पोचेपर्यंत वासावरून तिला कळायचं, आज ते गाणं म्हणणार, की रडणार, की आईवर हात टाकणार. त्याप्रमाणे ती धाकट्या भावंडांना शेजारी पाठवायची किंवा घरात ठेवायची. आई चाळीत सांगायची, यांना पोटाचं दुखणं आहे. सगळ्यांना खरं ठाऊक होतं आणि सगळे मान हलवायचे.

नाईकांनी बाटली उचलून पिशवीत घालायला घेतली.

"राहू द्या," हंसा म्हणाली. "आणा इकडे."

तिने ग्लास छातीपासून लांब धरला, मग हळूहळू जवळ आणला. पाव फुगायला ठेवतात तसा वास आहे, ती म्हणाली, आणि मागे कुठेतरी उकडलेल्या मक्याच्या कणसाचा. नाईकांनी कपाळाला हात लावला. मका म्हणजे उकळी कमी पडली. कुठे चुकलं ते त्यांना शेडमध्ये न जाताच कळलं.

मग तो नेमच झाला. गुरुवारी बाटली यायची, हंसा वास घ्यायची, आणि तिच्या बोलीतलं नाईक आपल्या बोलीत फिरवून घ्यायचे. रद्दीवाल्याच्या गोणीचा वास म्हणजे बाटलीत हवा राहिली. परवाच्या ताकाचा म्हणजे टाकी नीट धुतली नाही. शुक्रवारी ते माडीवर डोळे मिटून तेच सांगायचे. माल परत यायचा थांबला. तुमचं नाक काय सोन्याने मढवायचं का, असं रामनाथशेठ म्हणाले, तेव्हा नाईकांना हसावं लागलं.

पावसाळ्याच्या अखेरीस काळीची मोठी बॅच निघाली. सणांनंतर मागणी वाढते म्हणून रामनाथशेठनी तीत बरेच पैसे घातले होते. हंसाने वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. भाजलेले दाणे, ती म्हणाली, गूळ, थोडी कॉफी. चांगला वास आहे हा. नाईकांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही. काळीचा दोष नाकात नसतो, घोट गेल्यावर मागे राहतो. ते तिला सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं. हंसाने त्यांच्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, आणि घोट घेतला.

गिळल्यावर तिने ग्लास उजेडात धरून पाहिला.

"एवढंच?" ती म्हणाली. "हा तर काढा आहे. यात घर विसरण्यासारखं काय आहे?"

"ते जे पीत होते ते हे नव्हतं, हंसा."

"माहीत आहे मला." तिने पदराने डोळे पुसले आणि दुसरा घोट घेतला, हा कामाचा. "शेवटी जिभेवर राख राहते. रताळं निखाऱ्यात जास्त वेळ राहिलं की सालीला लागते, तशी."

माल्ट जास्त भाजलं गेलं होतं. ड्रमपाशी उभं राहून, नाक नसताना, नाईकांनी अंदाजाने हात वर केला होता.

हंसाने ग्लास खाली ठेवला. "आता माझं ऐका. हे मी यापुढे लपून करणार नाही. माझी आई आयुष्यभर पोटाचं दुखणं सांगत राहिली, आणि तिच्याबरोबर आम्हीही. तसलं मी या घरात पुन्हा सांभाळणार नाही. उद्या जाऊन शेठना सांगा."

नाईकांनी सांगितलं. माडीवर दोघेच होते. रामनाथशेठनी शेवटपर्यंत ऐकलं.

"आन् तो माल परत आला, तवा पन?"

"तेव्हाही."

शेठ उठून खिडकीशी गेले. "माजा बापूस मिठाचा दाना जिभंवर ठेवून सांगाचा, आज मीठ आगरातून काढाचं का न्हाय. म्हातारपनी जीभ गेली त्याची. त्याच दिवशी मना बोलावलं, सांगला, आता तू बघ. मना कललंच नसतं, तर गावासमोर हसं झालं असतं ना." ते वळले. "तुमी मना मशीन बदलाया लावली असती, नाईकसाहेब. घरी जा आता."

नाईक घरी गेले. आठवडा गेला, दुसराही अर्धा संपला. निरोप आला नाही. ते पेपरात नोकरीच्या जाहिराती बघू लागले, आणि अर्जात आपण काय लिहायचं हा विचार करत बसले. हंसाने त्यांना एकदाही विचारलं नाही की आपण सांगायला लावलं ते चुकलं का. आणि चुकलं असं नाईकांनाही वाटलं नाही. रात्री झोप मात्र कित्येक महिन्यांनी लागत होती.

मग एका सकाळी रामनाथशेठ स्वतः आले, सोबत पत्नी रुक्मिणीबाई. चहा झाल्यावर शेठ नाईकांशी नाही, हंसाशी बोलले. वहिनी, तुमी शुक्रवारी येल का, त्यांनी विचारलं. हंसाने दोन अटी घातल्या. घोट घेऊन थुंकणार, गिळणार नाही. आणि तिथे पुरुषांत आपण एकटी बसणार नाही. "मी बसतंय ना तुज्याबरोबर," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला.

त्या शुक्रवारी माडीवर चार खुर्च्या लागल्या. तीच काळी पुढे आली. हंसाने घोट घेतला, भांड्यात थुंकली आणि म्हणाली, ही बाटलीत भरू नका. शेठनी नाईकांकडे पाहिलं. दुसऱ्या बॅचमध्ये थोडी थोडी मिसळता येईल, नाईक म्हणाले, पण मग तीही थोडी थोडी बिघडेल. रामनाथशेठनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि टाकी रिकामी करायला सांगितलं. पुढच्या खेपेला माल्ट भाजताना ड्रमपाशी नवरा-बायको दोघं उभी होती, आणि हात हंसाने वर केला.

दिवस असे बरे चालले. तरी नाईकांना एक गोष्ट टोचायची. ग्लास फिरला की शेठ आता हंसाच्या तोंडाकडे बघत. बिअर नाईक बनवत होते. पाणी, माल्ट, यीस्ट, टाक्या, सगळं त्यांच्या हातात होतं. पण ती नजर त्यांना हवी होती, आणि ती हवीशी वाटते याची लाजही वाटायची. हंसा मात्र शुक्रवारची इस्त्रीची साडी आदल्या दिवशी काढून ठेवू लागली होती. सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, तर ती कंपनीत क्वालिटीला आहे असं सांगायची, आणि मग बिअरची आहे हेही सांगायची.

वर्ष उलटल्यावर एका शुक्रवारी दोघं काशीगावहून रिक्षाने परत येत होती. खाडीकडून वारा आला आणि नाईकांच्या नाकात काहीतरी शिरलं. चिखल, सडकं गवत, वर डिझेलचा धूर. घाणच होती. ते श्वास धरून बसले, मग पुन्हा घेतला. पुन्हा आली. बऱ्याच वेळाने त्यांनी हंसाला सांगितलं.

तिने त्यांचा हात धरला. रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली. मग तिने दुसरीकडे बघत विचारलं, "म्हणजे आता मी शुक्रवारी नको यायला?"

 नाईकांना खोटं बोलायचं नव्हतं. पूर्वीची ती खुर्ची, ती नजर, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. मग काळीच्या भाजण्यात हात वर करणारी हंसा आठवली, आणि हेही आठवलं की गेल्या वर्षभरातली काळी आधीच्या कुठल्याही काळीपेक्षा चांगली होती.

"ये," ते म्हणाले. "दोघं घेऊ वास. जमलं नाही तर भांडू."

हंसा हसली, आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, आगे मार्केट के पास रोकना, सब्जी लेनी है।"