थडग्यावरचं नाव

चौदा दिवस. कोबेच्या वॉर्ड ऑफिसात बाळाचं नाव नोंदवायला एवढीच मुदत असते, आणि त्यातले सात आमच्या घरच्या म्हाताऱ्यांनी भांडण्यात घालवले. मी बाळंतीण. सासरच्या चिनी रिवाजानं महिनाभर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, केसांना पाणी नाही. डोक्याला ताप मात्र हवा तेवढा.

काडी टाकली माझ्या आईनं. आम्ही जपानी. आमच्यात सातव्या दिवशी बाळाचं नाव सुरेख अक्षरात लिहून भिंतीवर लावतात, आणि घरातल्या थोर माणसाच्या नावातलं अक्षर घेतलं की तो त्या माणसाचा मान. आईनं माझ्या आजेसासूच्या थडग्यावर वाचलेलं नाव कौतुकानं लिहून आणलं: आन.

"तुमच्यात नि आमच्यात एकच अक्षर, एकच उच्चार," ती सासऱ्यांना म्हणाली. "अक्षराचं चित्रच बघा: छपराखाली बसलेली बाई, म्हणजे शांती. तुमच्याकडून आमच्याकडे आलं ते अर्थासकट. याहून जुळणारं नाव दाखवा, व्याहीबुवा!"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "विहीणबाई, ते माझ्या आईचं नाव आहे."

"म्हणूनच तर!"

"आमच्यात वडीलधाऱ्यांचं नाव पोरांना ठेवत नाहीत. तोंडानं घेतसुद्धा नाहीत. उद्या हिनं दूध सांडलं की मी काय ओरडू? आन, गाढवे? माझ्या आईला?"

"मग ओरडू नका!"

पुढचे सात दिवस हेच. माझा नवरा शाओत्सुंग माझ्या आईपुढे मान हलवायचा, बाबांपुढेही हलवायचा. छपराखालची बाई मी होते, आणि शांती कुठे उलथली होती कुणास ठाऊक.

चौदाव्या दिवशी सकाळी नवरा कामाला ओसाकाला गेला. मी सह्या झालेला फॉर्म सासऱ्यांच्या हातात कोंबला. नावाची जागा तेवढी कोरी होती. "बाबा, काय वाटेल ते लिहा. 'बाळ' लिहिलंत तरी चालेल. पण पाचच्या आत लिहा!"

आईनं तोंड वाकडं केलं. ते गेले, आणि साडेपाचला परतले. पावती माझ्यापुढे ठेवली. नाव: आन.

"बाबा! सात दिवस माझं रक्त आटवलंत ते कशाला?"

ते बुटांची नाडी सोडत बसले होते. "दुसरं ठरवून गेलो होतो, सूनबाई. खिडकीतल्या बाईनं विचारलं, नाव काय? आणि मनात आलं, आईचं नाव मी जन्मात एकदाही घेतलं नाही. तिला त्या नावानं हाक मारणारी माणसं केव्हाच गेली. आता ते नुसतं दगडावर आहे."

माझी आई डोळे पुसायला लागली, तेही जिंकल्याच्या थाटात. मला दोघांचा संताप आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं. सासरे लगबगीनं उठले, पाळण्यापाशी गेले आणि कमरेत वाकले.

"अहो आन," ते दबक्या आवाजात म्हणाले, "रडू नका ना. मी आलोय."