जड आधी, हलकं मागून

सकाळी साडेअकराच्या तासाला पद्मजा मॅडम खुर्चीवर चढल्या आणि एका हातातलं लाकडी डस्टर, दुसऱ्या हातातला खडू एकदम सोडला. आवाज एकच आला.

उमरखेडमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचा अकरावी विज्ञानाचा वर्ग. साल २००६, दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली. आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येणारी, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं. भौतिकशास्त्र आता इंग्रजीतून. मॅडम खाली उतरल्या, फळ्यावर ‘हेवी बॉडी’ आणि ‘लाइट बॉडी’ असं लिहिलं आणि दोन्हींपुढे सारखाच वेळ मांडला.

मागच्या बाकावरून पियूष शेजाऱ्याला म्हणाला, "बॉडी आली रे, पीएमले पाठवा."

मागचे दोन बाक हसले; पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम. त्या वर्षांत त्या भागात बॉडी हा शब्द इंग्रजी राहिलेला नव्हता. सरकारी दवाखान्याच्या आवारात, उभ्या जीपजवळ, कापसाच्या भावाइतकाच तो बोलण्यात होता.

गुंजन हसली नाही, रागावलीही नाही. ती फरशीवर फुटलेल्या खडूकडे बघत होती. तिच्या हिशेबानं डस्टर आधी पडायला हवं होतं. जड आधी, हलकं मागून. गेले चार महिने ती याच एका वाक्याच्या आधारानं झोपत होती.

तिचं गाव ढाणकीहून आत. ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, तिची आई विमलताई शेतातल्या विहिरीत गेली. त्या विहिरीला एका बाजूनं कठडा नव्हता. पंचनाम्यात ‘पाणी काढताना पाय घसरून’ असं लिहिलं गेलं. गावानं मात्र दुसरंच ठरवलं. पेपरात त्या वर्षी शेतकरी आत्महत्यांचे आकडे रोज छापून येत. विमलताई त्या आकड्यात नव्हती. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, म्हणजे ती शेतकरी नव्हती. वडील, वामनराव, पंचांनाही हो म्हणाले आणि गावालाही नाही म्हणाले नाहीत.

पडल्याचा आवाज ऐकणारी एकटी रामीबाई होती. ती शेजारच्या शेतात गेल्या वर्षीच्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होती. तेरवीला आली तेव्हा तिनं गुंजनला चुलीजवळ बसवून सांगितलं, "दोन आवाज आले, बाई. आधी मोठा, मंग बारका. पहिली तुई याडी, मांगून बादली."

याडी म्हणजे आई, हे गुंजनला ठाऊक होतं. बाकीचं तिनं स्वतः जुळवलं. आईचा पाय घसरला, हातातली बादली तिच्यासोबतच सुटली. आई जड म्हणून आधी पोचली, बादली हलकी म्हणून मागून. ज्याला जायचंच आहे तो बादली कशाला हातात घेईल? पोरीला टाकून ती गेली नव्हती, ती पाणी काढत होती. आणि आता डस्टर आणि खडू एकदम पडले होते; मग आई आणि बादलीचे दोन आवाज कसे?

उमरखेडात ती भाड्याच्या खोलीत राहायची; त्या संध्याकाळी तिथल्या जिन्यावरून तिनं खलातला बत्ता आणि लिंबू एकदम सोडून पाहिलं. मग कुलूप आणि शेंगदाणा. घरमालकीण खालून ओरडली, "काय आदळून राह्यली व? टाइल फुटली त कोन भरन?" गुंजन खाली जाऊन लिंबू उचलून आली. प्रत्येक वेळी आवाज एकच आला होता, आणि हे सांगायला त्या घरात, त्या गावात तिला कोणी नव्हतं.

पुढचे काही दिवस ती तासाला हात वर करू लागली. खाली जागा पाण्याची असली तर आवाज मागेपुढे होतो काय? बॉडी सुटली तेव्हा ती थांबलेलीच होती, हे कोणी पाहिलं? पहिल्या प्रश्नाला मॅडमनी नीट उत्तर दिलं. दुसऱ्याला त्या हसून म्हणाल्या की सुरुवातीचा वेग शून्य असं धरून चालायचं असतं. ‘धरून चालायचं’ हे गुंजनला पटलं नाही. पोरं तिला न्यूटनबाई म्हणायला लागली. मॅडम मात्र खूष होत्या. त्या वकिलाच्या घरातल्या, एकट्या राहायच्या. इतकी वर्षं शिकवून कोणी ‘का’ म्हणून विचारत नाही, अशी त्यांची तक्रार होती. स्टाफरूममध्ये त्यांनी सांगितलं की यंदा एक पोरगी गवसली आहे.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी गुंजन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. आत दुसरं कोणी नव्हतं.

"मॅडम, बादली आन् मानूस एकदमच विहिरीत पडले, त दोन आवाज येतात काय?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "कोणाची विहीर?"

"आमची."

मॅडमनी तिला बसायला सांगितलं. आई नसल्याचं त्यांना माहीत होतं, विहिरीचं नव्हतं. त्यांनी सावकाश एकेक विचारून घेतलं आणि गुंजननं पाढे म्हणावेत तसं सगळं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या की हवा आड येते, ते वर्गात सांगायचं राहून गेलं. बादली जाड लोखंडाची असेल तर हवेनं काही बिघडत नाही. पातळ पत्र्याची, रिकामी असेल, तर ती थोडी मागे राहील.

"कानाले समजन इतकी?"

"ते मला नाही सांगता येणार." मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. "आणि आधी बादली निसटली, किंवा तिनं मध्येच सोडून काही धरायला पाहिलं, तर यातलं काहीच लागू होत नाही. पुस्तकातल्या बॉडीला हात नसतात, गुंजन."

मग त्यांनी दिवाळीला आपल्याकडेच राहायला सुचवलं. दोघी मिळून फराळाचं करू, म्हणाल्या. गुंजननं नाही म्हटलं. शेतातल्या जनावरांच्या कोठ्यात दोन बादल्या असत: एक बैलांच्या पाण्याची, लोखंडी, एक पिण्याच्या पाण्याची, जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, हातात घेतली तर नसल्यासारखी हलकी. मागे कोणती उरली आहे ते तिला बघायचं होतं.

ती गावी पोचली तेव्हा कोठ्यात एकही नव्हती. चार महिन्यांत एक कोणीतरी उचलून नेली होती. दुसरी विहिरीत होती.

विहिरीत माणूस गेलं की ती उपसायची, सगळं पाणी काढून टाकायचं, मग नारळ फोडून ते पाणी पुन्हा वापरायचं, अशी तिकडची रीत. वामनरावांनी विहीर उपसली नव्हती. लोक सांगून थकले. निंदण-खुरपणाच्या बायका प्यायचं पाणी घरून आणू लागल्या. कोणी म्हणे पैसा नाही, कोणी म्हणे बुढ्ढा भेतो. घरात बापलेक एकमेकांना ताट वाढत आणि दिव्याकडे बघत जेवत.

लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवसांनी, भाकरी मोडता मोडता, गुंजननं विचारलं.

"बाबा, कोणती बादली होती? लोखंडाची का जर्मनची?"

"कायले?"

तिनं डस्टर आणि खडूचं सांगितलं. रामीबाईचे दोन आवाज सांगितले. वामनरावांनी सगळं ऐकलं. हे दोन आवाज त्यांना पहिल्यांदाच कळत होते.

"मले नाही मालूम, माय," ते म्हणाले. "मी तव्हापासून त्या विहिरीत वाकून पाह्यलंच नाही. कोणती बी असली तरी भेव वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली तशी मोटर सुरू झाली. बांधावरून जाणाऱ्यांनी विचारलं तर वामनराव, हरभऱ्यासाठी वावर ओलवून राह्यलो, म्हणून सांगत होते. पाणी सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरातून वाहत, ओसंडून नाल्याला लागलं. रामीबाई येऊन बघून गेली. बाप कठड्याच्या बाजूला बसला, लेक कठडा नसलेल्या बाजूला, काठापासून लांब. ओल्या दगडांचा काळा पट्टा खाली खाली रुंदावत गेला.

दुपारी दोन वाजता लोडशेडिंगनं लाइट गेली. तोवर पाणी एक पुरुष, माणसाच्या उंचीइतकं, उतरलं होतं. खाली अजून दोन पुरुष पाणी होतं, बादली त्याच्याही तळाशी, आणि झरे चालू होते.