गणिताचा पेपर आणि शकूची फुगडी

वनमाला परब गणितात नापास झाली, हे भांडुपच्या टेकडीवरच्या त्यांच्या चाळीत दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. लपवायची सोयच नव्हती. चाळिशीला टेकलेली बाई दहावीला बसते म्हटल्यावर सगळ्यांचे कान त्या निकालाकडे लागलेले. बाकीचे विषय सुटले होते, मराठीत तर झकास मार्क होते. गणितानं मात्र वाट लावली.

"ऑक्टोबरात परत बस," नवरा सीताराम म्हणाला. "पण आता बाकी सगळा बंद. फक्त अभ्यास."

सीताराम आधी गिरणीत होता. संपात गिरणी सुटली ती सुटलीच. आता तो मुलुंडच्या एका कारखान्यावर वॉचमन होता. वनमाला चाळीजवळच्या बालवाडीत मदतनीस होती. पोरांना घरून आणायचं, हातपाय धुवायचे, खाऊ वाटायचा. शिकवणाऱ्या बाई लग्न होऊन नाशिकला गेल्यापासून गाणी, गोष्टी, अक्षरं हेही तीच बघत होती. पण शिक्षिका म्हणून नेमायचं तर दहावी पास हवं, असं संस्थेनं स्पष्ट सांगितलं होतं. तिचं लग्न झालं तेव्हा तिची नववी झालेली. म्हणून हा सगळा खटाटोप.

नवरा म्हणाला तसंच तिनं केलं. बालवाडी सुटली की जेवून पुस्तक घेऊन बसायची, ती संध्याकाळी स्टोव्ह पेटवायलाच उठायची. नववीतली मुलगी सुलक्षणा पाणी भरायची, रेशनच्या रांगेत उभी राहायची, भांडीसुद्धा घासायची. आईला जागचं हलू द्यायची नाही. घरच्यांची माया खरी होती, पण बसून बसून वनमालाची मान आखडली, पाय जड झाले, झोप उडाली. पुस्तक समोर असायचं आणि डोक्यात नुसतं धुकं. एक सिद्धांत वाचून दुसऱ्यावर जावं तर पहिला गायब.

रविवारी सकाळी कमल बनसोडे बाई बुद्धविहारात गणिताचा वर्ग घ्यायच्या. त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या आणि आवाज कधी चढवायच्या नाहीत.

"वनमालाताई, मागच्या रविवारी हेच समीकरण तुम्ही सोडवलंत की."

"तेव्हा सुटलं होतं बाई. आज नाय सुटत," वनमाला म्हणाली आणि तिला एकदम रडू आलं. वर्गातल्या बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या.

श्रावणात एक दिवस खालच्या खोलीतली शकू आली. गौरीला मंडळानं फुगडीची स्पर्धा ठेवली होती, आणि शकूची जोडीदारीण बाळंतपणाला गावी गेली होती.

"तू ये माझ्याबरोबर. कुडाळची ना तू? तुझी फुगडी मी बघितलीय."

"अगं, माझी परीक्षा आहे."

"परीक्षा ऑक्टोबरात. गौरी आधी येतात."

"ह्यांना नाही आवडणार."

"दुपारी ते ड्युटीवर असतात ना? मग! चल, ऊठ, नाटकं नको करूस."

शकूनं तिला हाताला धरून अंगणात नेलंच. हातांना तिढा घातला, पावलं जुळवली, दोघींनी अंग मागं टाकलं आणि फिरायला सुरुवात केली. पहिल्याच फेरीत वनमालाला दम लागला. चाळ, नळ, वाळत घातलेली लुगडी, सगळं भोवती गरगरायला लागलं. थांबल्यावर ती पायरीवर बसून कितीतरी वेळ हसत होती. असं हसून तिला महिने झाले होते. मग परत उभी राहिली. मग आणखी एकदा. पोलकं घामानं भिजलं.

घरी येऊन तिनं तांब्याभर पाणी प्यायलं आणि केवळ मनाला टोचणी लागली म्हणून पुस्तक उघडलं. चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन परस्परांचे पूरक असतात. वाचलं, आकृती काढली, पुस्तक मिटलं, परत आकृती काढली. सिद्धता सरळ खाली उतरत गेली. तिला वाटलं, सोपी असेल.

दुसऱ्या दिवशी फुगडीनंतर ती मुद्दाम अवघड वाटणारी उदाहरणं घेऊन बसली. एक चुकलं, पण कुठे चुकलं ते तिचं तिलाच सापडलं. मग दोन दिवस शकू तापानं पडली, फुगडी बंद, आणि धुकं परत आलं. तेव्हा कुठे वनमाला विचारात पडली.

रविवारी तिनं ते भीतभीतच कमलबाईंना सांगितलं. त्या हसतील असं तिला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत.

"मी शाळेत खो-खो खेळायचे," त्या म्हणाल्या. "परीक्षा आली की वडील खेळ बंद करायचे, आणि नेमकं तेव्हाच माझं पाठांतर बिघडायचं. पुढे बी.एड.ला कळलं. अंग हललं की रक्त जोरात फिरतं, ते डोक्यालाही मिळतं. मेंदू काय अंगाच्या बाहेर ठेवलाय? फुगडी सोडू नका. खेळून आलात की लगेच बसा. आणि डोकं जड झालं की उठा, जिना चढा-उतरा, पण तशाच बसून राहू नका."

गौरी आठवड्यावर आल्या आणि सीताराम एके दिवशी पाळी बदलून लवकर घरी आला. अंगणात बायकांचा घोळका, मधे त्याची बायको पदर खोचून गरगर फिरतेय. तो सरळ वर गेला. वनमाला धापा टाकत मागोमाग गेली.

"परीक्षा तोंडावर इली, आणि तू गिरक्यो मारतंस?" त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्यात दुखावलेपण होतं. "पोर भांडी घासता ती ह्यासाठी?"

वनमालाला वाईट वाटलं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तिनं गणिताचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं.

"विचारा."

"माका काय कळता त्यातला?"

"सुलू, तू विचार."

सुलक्षणानं पुस्तक घेतलं. तिनं सूत्रं विचारली, सिद्धांत विचारले, चक्रवाढ व्याजाचं उदाहरण पाटीवर घातलं. वनमाला उभ्या उभ्याच सांगत होती, घाम पुसत सोडवत होती. एका ठिकाणी अडली, दारापर्यंत फेरी मारून आली आणि पुढची पायरी लिहिली. सुलक्षणानं उत्तर पडताळलं आणि बापाकडे बघून मान हलवली.

सीतारामनं पाटी हातात घेऊन वरून खालपर्यंत बघितली. मग म्हणाला, "उद्या परत सुलूक इचारूक सांगतलंय हां." आणि टोपी खुंटीला लावून सुलक्षणाला म्हणाला, "आजपासून भांडी मी घासतंय. तूही जा खाली खेळाक."

स्पर्धेत त्यांचा नंबर आला नाही. शेवटच्या फेरीत शकूचा पाय घसरला आणि दोघी मांडवातच आदळल्या. पण गौरी गेल्यावरही दुपारची फुगडी चालू राहिली. चाळीतल्या आणखी चार-पाच जणी येऊ लागल्या.

ऑक्टोबरच्या पेपराला मुलुंडच्या शाळेत नंबर आला होता. पहिली दोन उदाहरणं सुटली, आणि भूमितीचा प्रश्न वाचताना एकाएकी सगळं पुसलं गेलं. तिनं पाणी प्यायला जायची परवानगी मागितली. सोबत शाळेतल्या मावशी आल्या.

नळाशी व्हरांडा मोकळा होता. वनमालानं इकडे तिकडे बघितलं, निऱ्या वर खोचल्या, उकिडवी बसली आणि एकटीनंच बसफुगडी घालायला लागली. एक पाय पुढे, दुसरा मागे, टाळी, उडी.

"अगं बाई, बरं नाही का वाटत?" मावशी घाबरल्या.

"डोकं बंद पडलंय मावशी. चालू करते."

मावशींनी तोंडाला पदर लावला. "कर बाई कर. पण लवकर आटप, मला ओरडा बसेल."

वनमाला वर्गात परतली तेव्हा कानशिलं गरम झाली होती आणि छाती धडधडत होती. आकृती काढली. पहिली ओळ आठवली नाही, पण दुसरी आठवली, आणि तिच्यावरून पहिली.

डिसेंबरात निकाल लागला. बेचाळीस मार्क. कमलबाईंनी तिला विहाराच्या दारातच मिठी मारली. सीतारामनं स्वतः घरोघरी पेढे वाटले आणि प्रत्येक दारात "गणित सुटला!" असं सांगितलं, जणू बाकीचे विषय नव्हतेच.

जानेवारीत ती बालवाडीची शिक्षिका झाली. तिनं दिवसाची सुरुवात अंगणात करायचा नियम केला. पोरं आधी पिंपळाभोवती पळायची, उड्या मारायची, मग आत येऊन अक्षरं गिरवायची. एका आईनं तक्रार केली, "बाई, पोर नुसतं खेळतंय, शिकणार कधी?"

"पुढच्या महिन्यात या," वनमाला म्हणाली, "आणि काय विचारायचं ते त्यालाच विचारा."

ती आई पुढच्या महिन्यात आली नाही. पण तिचं पोर रोज सगळ्यांच्या आधी हजर असायचं, आणि दार उघडायच्या आत पिंपळाला दोन फेऱ्या मारून झालेल्या असायच्या.